दोन डोळ्यांचा शालिकराम

कल्पना करा, बाळांनो, की तुम्ही सिनेमा पाहायला बसला आहात आणि पडद्यावरचा मुलगा तुम्हीच आहात. नाव तुमचं, गाव तुमचं, शाळा तुमची. तुमच्यासारखाच तो चपला हातात धरून नदी ओलांडतो, तुमच्यासारखंच त्याच्या सदऱ्याला वरचं बटण नाही. फक्त एक गोष्ट तुमच्यापाशी नाही आणि त्याच्यापाशी आहे. तिच्यावाचून तुम्ही एकवीस वर्षं काढलीत, तिच्यावाचून चालायला शिकलात, लग्न केलंत, एका मुलीचे बाप झालात. आणि तो मुलगा मात्र ती गोष्ट मिरवत, हसत, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो आहे. अशा वेळी काय वाटेल तुम्हाला? राग येईल? की हात पुढे करून ती परत मागावीशी वाटेल? घाईनं उत्तर देऊ नका. शालिकरामलाही ते लगेच देता आलं नव्हतं.

शहाऐंशी सालच्या डिसेंबरातला रविवार होता. पांढुर्ण्याच्या टॉकीजमध्ये दुपारी तीनचा खेळ. शालिकराम सावरगावचा, नदीपलीकडचा, दोनशे संत्र्यांच्या झाडांचा मालक, आपल्या नऊ वर्षांच्या पोरीला, जयवंताला, घेऊन पाचव्या ओळीत बसला होता. खुर्चीच्या लाकडाला घामाचा आणि बिडीचा जुना वास होता. वरच्या पत्र्यातल्या एका भोकातून उन्हाची बारीक काडी खाली आली होती आणि तिच्यात धूळ फिरत होती. सिनेमा त्यांच्या पुंडलिकराव गुरुजींवर काढलेला. काढणारा श्रीकांत, शालिकरामच्या शेजारी एकाच टाटपट्टीवर बसून शिकलेला, आता नागपुरात कापडाचं मोठं दुकान असलेला. त्यानं पत्रं पाठवून सगळ्या जुन्या मुलांना बोलावलं होतं. पहिल्या ओळीत सोफा टाकला होता आणि त्यावर खुद्द गुरुजी बसले होते. सहासष्ट वर्षांचे, निवृत्तीनंतर रामाकोन्याला राहायला गेलेले, सकाळच्या एस.टी.नं आलेले. मागून त्यांची फक्त टोपी दिसत होती. आणि पडद्यावर, सुरुवातीची नावं संपल्या संपल्या, शालिकराम नावाचा एक गोरागोमटा मुलगा पुलावरून पळत आला, कॅमेऱ्याजवळ येऊन थांबला, आणि त्यानं डोळे मिचकावले. दोन्ही.

शालिकरामचा हात आपोआप आपल्या डाव्या पापणीकडं गेला. पापणी मिटलेली, आत खोलगट, कोरडी. लोकांच्या लक्षात यायच्या आत त्यानं कपाळ खाजवल्यासारखं केलं. त्याला वाटलं होतं, सिनेमात तो डोळा जाताना पाहावं लागेल, आणि त्याची त्यानं गेले पंधरा दिवस तयारी केली होती. बायकोला सांगून ठेवलं होतं की घाबरू नको, पोरीला समजावून ठेवलं होतं की ते खोटं रक्त असते. पण डोळा शाबूत असलेला पाहायची तयारी कोण करून ठेवतो? मुलगा गोड होता. पेल्यात पाणी ओतताना त्याचा हात अडखळत नव्हता. आणि शालिकरामला एकदम असं झालं, की लग्नाच्या पंगतीत आपल्याच नावाच्या पाटावर दुसरा कोणी येऊन बसला आहे आणि सगळे त्याला आग्रहानं वाढताहेत.

पडद्यावरचे गुरुजी उंच होते. पांढरंस्वच्छ धोतर, सोनेरी काड्यांचा चष्मा, आवाज देवळातल्या गाभाऱ्यातून आल्यासारखा. ते वर्गात येत, खिडकीबाहेर पाहत, आणि एक मोठं वाक्य बोलत. मुलं टाळ्या वाजवत. मग ते सावकाराच्या ओट्यावर जात आणि दुसरं मोठं वाक्य बोलत. मग एक गाणं. फळ्यावर एक भागाकार लिहिलेला होता, तो पहिल्या रिळापासून तसाच होता, कोणी सोडवला नाही आणि कोणी पुसलाही नाही. त्या गुरुजींच्या बोटांना खडू लागलेला शालिकरामला एकदाही दिसला नाही. त्याच्या आठवणीतल्या गुरुजींचा तर उजवा कान कायम पांढरा असायचा, विचार करताना खडूच्या हातानं ते कान चोळत म्हणून. नदीचं चित्रण कुठं तरी दूर झालं होतं, तिच्या काठी नारळाची झाडं उभी होती. मागच्या ओळीतून सावरगावचे भिवाजीकाका मोठ्यानं म्हणाले की आपल्या जाम नदीवर नारळ कधी लागले बुवा, आपल्याले तर कोनं पानी घालाले बलावलं नाही. चार ओळी हसल्या. सोफ्याजवळ उभ्या असलेल्या श्रीकांतनं वळून पाहिलं. जयवंता हसली नाही. ती खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती, हनुवटी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवून. थोड्या वेळानं ती बापाकडं झुकली.

"बाबा, हे गुरुजी शिकवते केव्हा?"

शिकवतीन, पाह्य तू, असं तो म्हणाला. पण प्रश्न त्याच्या अंगावर राहिला, सदऱ्यात कुसळ राहतं तसा.

मध्यंतरात श्रीकांत त्याला शोधत आला. खांद्यावर हात टाकून चहाच्या टपरीपर्यंत नेलं. श्रीकांत वाईट माणूस नव्हता. गुरुजींच्या फोटोला तो रोज हार घालतो हे नागपूरला जाऊन आलेले लोक सांगत. त्यानं मान खाली घालून कबूल केलं की गोष्टीत थोडा फरक केला आहे. लेखक म्हणाला, डोळा गेलेला मुलगा दाखवला तर बायाबापड्या उठून जातील, आणि ज्या मास्तराचं कोणी ऐकत नाही त्याच्यावर सिनेमा कशाला काढायचा. म्हणून सिनेमात गुरुजींच्या एका हाकेनं गोटमार थांबते. पुढं खेळ संपल्यावर सत्कार आहे, शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. तालुक्याचे साहेब आले आहेत, गुरुजींचं नाव पुरस्कारासाठी वर पाठवायचं चाललं आहे. तेव्हा शालिकनं मंचावर येऊन एकच वाक्य बोलायचं. त्यानं ते कागदावर लिहूनच आणलं होतं: गुरुजींच्या एका हाकेनं मी वाचलो.

"हाक तर मारलीच होती ना त्याहीनं," श्रीकांत म्हणाला. "मग खोटं काय आहे यात?"

शालिकरामनं कागद घडी करून खिशात ठेवला. हाक तर मारलीच होती. त्या दिवसाबद्दल जगात कोणाला ठाऊक नसलेलं असं काही त्याच्यापाशी असेल, तर ते त्या हाकेबद्दलच होतं, आणि ते त्यानं आईला सांगितलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं. गुरुजींना तर मुळीच नाही. ते वाक्य मंचावर बोललो तर गुरुजींनी खरं जे केलं ते कायमचं पुसलं जाईल, हे त्याला त्या चहापाशीच कळलं. आणि खरं बोललो, तर सहासष्टाव्या वर्षी, गळ्यात हार असताना, त्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाखालची सतरंजी आपण ओढू. तो परत आत आला तेव्हा पाचव्या ओळीत जयवंता एकटी नव्हती. गुरुजी सोफा सोडून तिच्या शेजारी येऊन बसले होते. तिकडं मान लय दुखते बे, असं ते त्याला म्हणाले, आणि सरकून त्याला जागा करून दिली. त्यांचं खेड्यातलं बोलणं नोकरीतही कधी सुटलं नव्हतं.

अंधार झाला. पडद्यावर पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला. पांढुर्ण्याच्या आणि सावरगावच्या माणसाला तो दिवस समजावून सांगावा लागत नाही, तुम्हाला सांगतो. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरून लोक एकमेकांवर गोटे मारतात; हीच गोटमार. झाड जो तोडून नेईल त्याची जीत. संध्याकाळी दोन्ही गावं मिळून ते झाड चंडीमातेच्या देवळात नेतात, आणि ज्यांची डोकी फुटली ते फोडणाऱ्यांच्या शेजारी बसून हळद लावून घेतात. पडद्यावर ते सगळं स्वच्छ होतं. गोटेसुद्धा धुतल्यासारखे. मुलगा पाण्यात उतरला. वरून गोटा आला. आणि काठावरून हाक आली, "शालिकराम!", मुलगा जागच्या जागी थांबला, गोटा त्याच्या पुढून निघून पाण्यात पडला, शेकडो माणसांचे उगारलेले हात तसेच राहिले, आणि बासरी वाजू लागली.

खरी हाक बासरीसारखी नव्हती. ती ओरडून ओरडून फाटलेल्या गळ्यातून आली होती. पासष्ट सालची गोष्ट. शालिकराम तेरा वर्षांचा. आदल्या दिवशी वर्गात गुरुजींनी सगळ्यांकडून वचन घेतलं होतं की कोणी नदीवर जायचं नाही, आणि त्यानं सगळ्यांत आधी हात वर केला होता. दुसऱ्या दिवशी तो सावरगावच्या मोठ्या पोट्ट्यांना गोटे वेचून देत गुडघाभर पाण्यात वाकला होता. पायाखालचं शेवाळ, पाण्याची गार ओढ, कानांजवळून जाणारा गोट्यांचा भिरभिर आवाज, आणि पोटात एक असा आनंद की ज्याची पुढं त्याला कायम लाज वाटली. गुरुजी पलीकडच्या काठानं पाण्यात आले होते. एकेक पोरगा ओळखून नावानं बोलावत होते. कोणी ऐकत नव्हतं. कोणीच ऐकलं नाही, हे खरं. ऐकलं ते एकानं. गुरुजींच्या वर्गात हजेरीचा एक नियम होता. पूर्ण नाव घेतलं की ताठ उभं राहायचं, गुरुजींच्या डोळ्यांकडं पाहायचं, आणि मग हजर म्हणायचं. वर्षभर रोज सकाळी तेच. "शालिकराम!" असं पूर्ण नाव कानावर आलं आणि तो वाकलेला मुलगा, हातातले गोटे टाकून, नदीच्या मधोमध ताठ उभा राहिला, आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं, आणि "हजर जी" हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात तो गोटा आला. वाकलेला राहिला असता तर पाठीवरून गेला असता. कधी कधी शेतात एकट्यानं काम करताना तो अजून ते मोजून पाही: इतकी पाठ, इतका पल्ला. पाठीवरूनच गेला असता.

त्याच्या मनगटावर कोणी तरी हात ठेवला. हात म्हाताऱ्याचा होता, कोरडा, हलका. गुरुजी पडद्याकडंच पाहत होते. उजेड त्यांच्या सुरकुत्यांवरून सरकत होता.

"शालिक," ते अगदी हळू म्हणाले, "मी हाक मारली म्हणून तू वळला होता ना बे?"

एकवीस वर्षं. पडद्यावरचे गुरुजी भाषण करत होते. माणसाचा गोटा माणसावर, असं काही तरी. मागं कोणी तरी नाक ओढलं. शालिकरामला वाटलं, नाही म्हणावं. नाही जी, मी तसाही उठतच होतो. किती सोपं होतं. पण अंधारात त्या हाताचं वजन जराही वाढलं नव्हतं, दाबत नव्हता, ओढत नव्हता, नुसता ठेवलेला होता; आणि त्या हाताखाली त्याला कधीच खोटं बोलता आलं नव्हतं.

"हो जी."

गुरुजींनी मान हलवली. "मीच शिकवलं होतं तसं उभं राहाले," ते म्हणाले. "वाटलंच होतं मले. इचाराची हिंमत नाही झाली." एवढंच. हात त्यांनी काढला नाही.

आणि मग, सिनेमा कुठं तरी पुढं चालू असताना, शालिकरामच्या डोक्यात एक जुनी गोष्ट आपोआप सरकली आणि जागेवर बसली. तो पुढच्या वर्षी शाळेत परत गेला तेव्हा गुरुजींची हजेरी बदललेली होती. ते नाव घेत नसत. हातात रजिस्टर धरून ओळींमधून चालत, प्रत्येकाच्या पाटीला बोट लावत आणि खूण करत. कोणी उठायचं नाही, कोणी वळायचं नाही. पोरं म्हणत गुरुजींचा घसा बसला आहे. पुढं पोरं म्हणत गुरुजींची लहरच आहे ती. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे चौदा वर्षं, त्या वर्गात एकाही मुलाला पूर्ण नावानं हाक मारली गेली नाही. शालिकराम त्या पाट्यांच्या ओळीत बसत होता, बोट त्याच्याही पाटीला लागत होतं, आणि त्याला समजलं नव्हतं. गुरुजींना विचारायची हिंमत झाली नव्हती आणि त्याला सांगायची झाली नव्हती. दोघं एकाच ओझ्याची दोन टोकं धरून एवढी वर्षं चालत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत.

मग ते अकरा महिने? हा विचार आला आणि तो दचकला. ज्या अकरा महिन्यांवर तो उभा होता, ती नुसती भरपाई होती का? नागपूरच्या दवाखान्यातून चोवीस दिवसांनी त्याला घरी आणलं तेव्हा उरलेल्या डोळ्यावरही पट्टी होती. त्या संध्याकाळी गुरुजी नदी ओलांडून सावरगावला आले. कसं झालं, काय झालं, देवाची मर्जी, यातलं काही बोलले नाहीत. पाट ओढून बसले आणि विचारलं, कुठपर्यंत आलो होतो आपण. आणि ज्या ओळीवर वर्ग थांबला होता त्या ओळीपासून धडा वाचायला लागले. असे अकरा महिने रोज यायचे. पट्टीच्या अंधारात त्यानं पावकी-निमकी पाठ केली, देशोदेशींच्या नद्या पाठ केल्या, दोरीला गाठी मारून त्रिकोण हातांनी चाचपले. पट्टी सुटली तेव्हा मात्र खरं संकट समोर आलं. एका डोळ्याला जवळ-लांब कळेना. पेल्यात पाणी ओतायला जावं तर धार पेल्याच्या अलीकडं. पायरी वाटे तिथं खड्डा, खड्डा वाटे तिथं पायरी. आई, शकुबाई, त्याच्या हातून गडवा काढून घ्यायची आणि स्वतः पाणी पाजायची, लहान पोरासारखं. एक दिवस त्यानं गडवा भिंतीवर फेकला. गुरुजी तिथंच होते. त्यांनी पडलेल्या पाण्याकडं पाहिलं, गडव्याकडं पाहिलं, उजवा कान चोळला, आणि उठून गेले. पुढं आठ दिवस आले नाहीत. शकुबाई म्हणाली, कंटाळले शेवटी, कोण कुणासाठी किती करन.

नवव्या दिवशी आले ते डाव्या डोळ्यावर पंच्याची घट्ट पट्टी बांधून. कोपर सोललेलं, धोतर गुडघ्याशी फाटलेलं. शकुबाईनं कपाळाला हात लावला आणि तोंडावर विचारलं की गुरुजी, तुमचं डोस्कं फिरलं का. ते म्हणाले, फिरलं नाही माय, आठ दिवसांपासून शिकून राहिलो. एका डोळ्यानं काय चुकते हे मलेच माहीत नव्हतं, मंग याले सांगू काय. आठ दिवस ते तसेच बाजारात गेले होते, पोरांनी मागून चिडवलं होतं, नदीत दोनदा पडले होते, जेवताना भाजीत बोटं घातली होती. आणि काय काय सापडलं ते आता सांगायला आले होते. मान जराशी इकडून तिकडं हलव: जवळची वस्तू जास्त पळते, लांबची कमी पळते, तिच्या पळण्यावरून अंतर ओळख. ओतताना गडव्याचा काठ पेल्याच्या काठाला आधी टेकव, मग वाकव. पायरीची सावली पाह्य. त्या संध्याकाळी अंगणात दोघं समोरासमोर बसले आणि पाणी ओतत राहिले. गुरुजींचंही सांडलं. सांडलं की ते म्हणायचे, माहं चुकलं, आता तू. अंधार पडेपर्यंत अंगणाचा चिखल झाला. शकुबाई दारात उभी राहून आधी रडली आणि मग हसायला लागली. दोन काणे पाण्याशी खेळून राहिले म्हणाली. त्या रात्री शालिकराम स्वतःच्या हातानं ओतून पाणी प्यायला.

नाही. भरपाई करणारा माणूस खाऊ आणतो, कपडे करतो, डोक्यावरून हात फिरवतो. आपलं धड दिसणारं जग बांधून ठेवून, लोकांचं हसू अंगावर घेऊन, दुसऱ्याची चूक आधी स्वतः करून पाहत नाही. आली असेल ती सुरुवात अपराधीपणातून. पण तो पंचा बांधला होता तो अपराधीपणानं नव्हे; तिथं एक गणित अडलं होतं आणि ते सोडवल्याशिवाय त्या माणसाला चैन पडलं नव्हतं. हे श्रीकांतच्या लेखकाला सापडलंच नाही. एवढी नदी, एवढी माणसं, एवढे नारळ, आणि खरा प्रसंग एका अंगणात, एका पेल्याएवढा.

दिवे लागले. टाळ्या झाल्या, बऱ्यापैकी. पडद्यापुढं टेबल आलं, माईक आला, खुर्च्या आल्या. गुरुजींना हार घातला, शाल पांघरली. साहेब बोलले. श्रीकांत डोळे पुसत बोलला, आणि ते ढोंग नव्हतं. मग त्यानं शालिकरामचं नाव घेतलं. पाचव्या ओळीपासून मंचापर्यंत जाताना त्यानं पायऱ्यांपाशी मान थोडी हलवली, तीनही पायऱ्या मोजून चढला. माईकला लोखंडाचा वास होता. खिशात कागद होता. गुरुजींच्या पायाखालची सतरंजी त्याला दिसत होती, खरोखरची, लाल, कडेला उसवलेली. त्यानं गुरुजींकडं पाहिलं. ते शालीतून हात काढून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. वर्गात मुलगा फळ्यापाशी अडला की ते असेच बसत. मुलाच्या हातातला खडू आपण ओढून घेऊ नये म्हणून स्वतःच्या हातांवर बसत. आणि तेव्हा त्यांच्या तोंडावर जे असे तेच आता होतं: भीती नाही, सुचवणं नाही, नुसतं थांबणं.

त्यानं सांगितलं. कागद काढला नाही. हाक कशी आली, हजेरीच्या सवयीनं आपण कसे उभे राहिलो, गोटा कुठं लागला. हे तुमच्यापासून आणि त्यांच्यापासून एकवीस वर्षं लपवलं, असं म्हणाला. गोटमार तेव्हाही थांबली नाही, आताही थांबत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. मग पंच्याची पट्टी सांगितली, अंगण सांगितलं, पाणी सांगितलं. शब्द नीट जुळत नव्हते. मध्येच तो मागं जाऊन विसरलेलं सांगे. लोकांना काय करावं कळत नव्हतं, साहेबांनी घड्याळात पाहिलं, श्रीकांतचा चेहरा पडला होता. शेवटी भिवाजीकाकांनीच तोंड उघडलं.

"मंग शालिक, सिनेमा लबाड आहे म्हण ना."

"लबाड नाही काका. त्यात शिकवणं तेवढं राहून गेलं."

कोणी हसलं, कोणी हसलं नाही. एक-दोन ठिकाणी टाळी सुरू होऊन थांबली. गुरुजी मात्र हातांवरून उठले आणि त्यांनी शालिकरामच्या पाठीवर थाप मारली, गणित बरोबर आल्यावर मारत तशी, जरा जोरातच. श्रीकांतनं घाईघाईनं घड्याळ पुढं केलं. लाकडी चौकटीचं, काचेचं दार असलेलं, खाली लंबक. काटे दुकानात ठेवतात तसे दहा वाजून दहा मिनिटांवर. ते टेबलावर ठेवलं गेलं. लोक उठू लागले, खुर्च्या खाडखाड मिटू लागल्या, साहेबांची जीप बाहेर सुरू झाली. गुरुजींचं नाव वर जाणार की नाही हे आता कोणी सांगू शकलं नसतं, आणि शालिकराम मंचाच्या कडेला उभा राहून, आपण केलं ते बरोबर की फक्त खरं, याचा विचार करत होता. तेव्हा त्याला जयवंता दिसली. ती माणसांच्या लोंढ्याच्या उलट दिशेनं येत होती. मंचावर चढली, गुरुजींच्या खुर्चीपाशी गेली, आणि बापाकडं न पाहता म्हणाली:

"गुरुजी, मले घड्याळ नाही समजत."

शालिकरामला वाटलं ती काही तरी दुसरं बोलली. चौथीत होती, वर्गात दुसरी यायची. घरी रोज तो तिला विचारी किती वाजले, आणि ती ओट्यावरून आत पाहून सांगायची. बरोबर सांगायची. मग त्याला कापसाच्या जिनाचा भोंगा आठवला, अंगणातली सावली आठवली, आणि कळलं की पोरीनं आजवर एकदाही घड्याळाकडं पाहून सांगितलं नव्हतं. एवढंसं गुपित होतं आणि ते त्याच्याच घरात, त्याच्याच मांडीवर बसून वाढलं होतं. गुरुजींनी, त्यात काय एवढं, असं म्हटलं नाही. चौथीतली पोट्टी आणि घड्याळ येत नाही, असंही म्हटलं नाही. खुर्ची सोडून ते सतरंजीवर बसले, गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला, घड्याळ टेबलावरून खाली घेतलं.

"कवापासून लपवून राहिली?"

"दुसरीपासून."

"लय मेहनत केली मंग." ते खरंच कौतुकानं म्हणाले. काचेचं दार उघडलं. "याच्यातला कोणता काटा तुले जास्त तरास देते?"

तिनं मोठा काटा दाखवला. तो सारखा बदलते, ती म्हणाली, अन् त्याले पाच म्हणावं का पंचवीस तेच समजत नाही. मंग त्याले सध्या राहू दे, गुरुजी म्हणाले, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. टॉकीज जवळजवळ रिकामं झालं होतं. झाडूवाला मागच्या ओळीत आला होता. मग तिनं डावा तळहात मोठ्या काट्यावर झाकला, एकट्या उरलेल्या लहान काट्याकडं टक लावून पाहिलं, ओठ हलवले, आणि म्हणाली की दहा होऊन गेले, पण लय नाही झाले. गुरुजींचे हात मांड्यांखालीच होते. तेव्हा तिनं, कोणी न सांगता, झाकलेला हात आपणच उचलला.